खुंट उपटण्याचे बोलावणे

चिलोए बेटावरच्या त्या खाडीत ओहोटी लागली की एतेल्विना वेन्चुर टोपली घेऊन चिखलात उतरे. ओंजळभर चिखल उचलला तरी त्यात कोणाचे ना कोणाचे घर सापडे. काठालगत खेकड्यांची बिळे, त्याखाली किड्यांनी बाहेर टाकलेल्या मातीच्या वळ्या, मधल्या पट्ट्यात तिसऱ्या नावाच्या खाण्याच्या शिंपल्या, आणि उधाणाच्या ओहोटीलाच उघडी पडणारी सुरीच्या पात्यासारखी लांबट शिंपली. खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय ती पुढे सरकत नसे.

त्या वर्षी तिचा दीर रोसामेल याने गावकऱ्यांना घेऊन मधल्या पट्ट्यात विक्रीसाठी शेवाळाची लागवड मांडली. खुंट ठोकले गेले, दोऱ्या ताणल्या गेल्या. शेवाळ दाटले की खालचा चिखल काळा पडतो आणि तिसऱ्या गुदमरून मरतात, हे शेजारच्या खाडीत सर्वांनी पाहिले होते. तरीही गावसभेत एतेल्विना विरोधात बोलायला उठली, तेव्हा रोसामेल हसला.

"वहिनी, किड्यांची वकिली करतेस? त्यांना मत नसतं."

"मला आहे ना," ती म्हणाली. पण विरोधात हात वर झाला तो तिचा एकटीचाच.

दुसऱ्या दिवशी लोकरीची शाल पांघरून ती दारोदार मिंगेचे बोलावणे करू लागली. मिंगा मागणाऱ्याने हात जोडायचे, शेजाऱ्यांनी कामाला यायचे आणि मागणाऱ्याने त्यांना पोटभर जेवू घालायचे. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नसे. काम कोणते, हे विचारणेही हलकेपणाचे समजत. शेवटी ती रोसामेलच्या दारात उभी राहिली.

"भावजी, अमावास्येच्या ओहोटीला किनाऱ्यावर माझं थोडं काम आहे. हात जोडते."

"होडी ओढायची असेल. येतो की! दारू मात्र भरपूर ठेव."

सारे आले, बैलजोडीसुद्धा आली. खड्ड्यात तापल्या दगडांवर तिसऱ्या, बटाटे आणि डुकराचे मांस शिजत होते. एतेल्विनाने खुंटांकडे बोट दाखवले.

"हे उपटायचेत."

कोणीतरी खुदकन हसले. रोसामेलचा चेहरा लालबुंद झाला. "आम्हीच ठोकले ते आम्हीच उपटायचे? फसवलंस तू!"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

म्हातारा कान्देलारियो तळहातांवर थुंकला. "रोसामेल, शब्द दिलाय रे. जेवण न करता, काम न करता परत गेलो तर बायको मला घरात घ्यायची नाही." त्याने पहिल्या खुंटाला मिठी मारली. मग शिव्या घालत, कुरकुरत एकेक जण चिखलात उतरला. रोसामेल तेवढा दगडावर बसून राहिला.

भरती परतू लागली. बाकीचे दमून जेवायला बसले, तरी पाण्याकडची शेवटची ओळ उरलीच होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून एतेल्विना एकटीच खुंटाशी झटत होती.

"सोड, वहिनी. पाणी चढतंय."

"चढू दे."

"पुढच्या महिन्यात परत ठोकीन!"

"ठोका. मी परत बोलवायला येईन."

काठावर जेवणाऱ्यांचे घास हातातच थांबले होते. रोसामेलने एक सणसणीत शिवी हासडली, बूट भिरकावले आणि तो पाण्यात शिरला.

"हा एकच," तो गुरकावला.

एतेल्विनाने त्याच्या हातांना जागा करून दिली. आपले मात्र काढले नाहीत. "आधी हलवा तर," ती म्हणाली.