दोन पांढरे, दोन लाल

मी पहिलं विमान लकडगंजात उडवलं. माझ्या कॉलेजातल्या मित्राच्या वडिलांची तिथे लाकडाची वखार होती आणि वखारीच्या मागच्या केबिनमध्ये त्यांनी हिशेबासाठी म्हणून एक कॉम्प्युटर आणून ठेवला होता. हिशेब त्याच्यावर कधी झाला नाही. दुपारी ते जेवायला घरी गेले की आम्ही त्याचं प्लास्टिक काढायचो, कीबोर्डवरचा भुसा फुंकायचो आणि विमानाच्या खेळाची फ्लॉपी घालायचो.

विमान म्हणजे काय, तर काळ्या पडद्यावर चार रेघा. जवळ जवळ येणाऱ्या दोन रेघा ही धावपट्टी, आडवी रेघ म्हणजे क्षितिज, आणि त्रिकोण दिसला की डोंगर समजायचा. त्या रेघा हिरव्या होत्या असं सगळे सांगतात. मला विचारू नका. लाल आणि हिरवा यांतला फरक मला जन्मापासून कळत नाही. संत्र्यांच्या गावात राहून मी आजही संत्रं दाबून बघितल्याशिवाय घेत नाही, आणि तरीही बायको पिशवी उघडून हसतेच.

विमानाचा आवाज म्हणजे डब्यात भुंगा अडकल्यासारखी कुरकुर. पण शेजारीच आरामशीन होती. तिच्यावर ओंडका चढला की केबिनची काच थरथरायची आणि मित्र ओरडायचा, "वाढव गा स्पीड, इंजिन लागलं!" खाली कुठलंसं परदेशी शहर असायचं. आम्ही त्याला कधी कामठी म्हणायचो, कधी हिंगणा. एक ठोकळा दिसायचा, तो हिंगण्याचा कारखाना असं एकदा ठरलं की ठरलं. हरकत घ्यायला तिथे होतंच कोण?

त्या चार रेघांची आठवण इतकी गोड का, याचं मला कायम कुतूहल वाटत आलं आहे. वय तसं होतं, हे कारण आहेच. पण खरं कारण फार उशिरा सापडलं. त्या एकरंगी पडद्यासमोर बसलेल्या आम्हा दोघांना अगदी एकच दिसत होतं. माझ्या बाबतीत असं क्वचितच घडतं.

उंची काट्यावर वाचायची, वेग काट्यावर वाचायचा आणि रेघा जुळवत खाली यायचं. यात मी मित्रापेक्षा सरस होतो. इतका, की मी वैमानिक व्हायचं ठरवूनच टाकलं आणि अर्ज केला. डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांनी भरलेलं एक पान समोर धरलं. "यातला आकडा सांगा." मी म्हणालो, "कुठला आकडा?" त्यांनी पुस्तक मिटलं. मला फार वाईट वाटलं, रागही आला, आणि राग नेमका कोणावर काढावा ते कळेना. मग मी विम्याच्या कार्यालयात चिकटलो.

आता विमान घरीच आहे. मुलीच्या अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला. ही सबब आमच्याही घरात चालून गेली. सोनेगावच्या विमानतळावरून उड्डाण केलं की खाली खरा वर्धा रोड दिसतो, पुढे अंबाझरीचं पाणी. बाहेर ढग असले तर पडद्यावरही ढग. पहिल्याच दिवशी मी शोधत शोधत आपलं घर गाठलं आणि बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून नीट पाहिलं. "गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसून राहिले का? नाही ना? मग काय पाहू मी?" असं म्हणून ती आत गेली.

या नव्या विमानाने माझी एक पंचाईत केली. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची रांग असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर तुम्ही बरोबर उतरताय. चारही लाल म्हणजे फार खाली आलात. वखारीतल्या विमानाला असलं काही नव्हतं. मला ते चार दिवे दिसतात, पण लांबून लाल दिवाही मला पिवळट पांढराच वाटतो, म्हणून चारही सारखेच. फार तर एखादा जरा मंद वाटतो. सगळं खरंखुरं दाखवण्याच्या हौसेपायी या यंत्राने माझा दोषही खराखुरा दाखवला, याचं आधी हसू आलं आणि मग चीड.

तेव्हा शाळेत असलेली मुलगी शेजारी खुर्ची ओढून बसायला लागली ती तेव्हापासून. "बाबा, तीन लाल. वर घ्या ना! चारही लाल झाले, काहून ऐकून नाही राहिले?" तिच्या भरवशावर मी पुष्कळदा सुखरूप उतरलो. हळूहळू तिनेच स्टिअरिंग घेतलं आणि मी बघ्या झालो. बारावी झाल्यावर तिने जाहीर केलं की तिला वैमानिक व्हायचंय.

मी बरं म्हणालो आणि आतून हादरलो. बापाचा हा दोष सहसा मुलीत उतरत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण आईकडूनही आला तर उतरतो. आणि बायकोचे मामा आयुष्यभर एका पायात हिरवा, एका पायात तपकिरी मोजा घालून फिरले. सगळे त्यांना विसरभोळे म्हणायचे. मला मात्र आता वेगळीच शंका यायला लागली. मुलगी दिवे ओळखायची हे खरं. पण लाल आणि पांढरा वेगळा सांगणं निराळं, आणि ठिपक्यांतून आकडा काढणं निराळं. कॉम्प्युटरवर तसली पानं मिळतात. ती तिला दाखवावी असं मनात आलं. पण तिने आकडा सांगितला तरी तो तिथे आहे की नाही, हे मला कसं कळणार? बायकोला विचारलं तर तिने मलाच दटावलं. "तिले शांततेनं जाऊ द्या. मामाचे मोजे घेऊन बसू नका."

तपासणीच्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर उन्हात उभा राहिलो. आतल्या बाकावर बसवेना. तिच्यासमोरही कोणी पुस्तक असंच मिटलं तर तिला काय सांगायचं, हे मी रात्रभर जुळवलं होतं आणि त्यातलं एक वाक्य धड नव्हतं.

ती बाहेर आली. "झालं बाबा. सगळे आकडे दिसले."

तिचा हात धरून मी पायऱ्या उतरायला निघालो.

ती मात्र तिथून हलली नाही. "डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाले हाय का हे. मी तुमचं सांगितलं. ते म्हणाले, मले काही होणार नाही, पण उद्या मले मुलगा झाला तर त्याले होऊ शकते. मग मले आधी समजून तर घेऊ द्या. तुम्हाले कसं दिसते, बाबा?"

हा रंग कोणता, तो कोणता, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून हसून घेतलं. कसं दिसतं, हे कोणीच विचारलं नव्हतं. बायकोने नाही, डॉक्टरांनी नाही, वखारीतल्या मित्रानेही नाही.

मी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे काय दिसतंय, असं मी तिला विचारलं. गुलमोहर, ती म्हणाली, फुलांनी नुसता पेटलाय. मला एक मोठं झाड दिसत होतं, पानांनी भरलेलं. मी तिथूनच सांगायला सुरुवात केली.