जबाबासोबत लावलेले कागद

समन्स घेऊन बेलीफ आला तेव्हा मी डंकावर बेडगी मिरचीचे देठ मोडत बसले होते. आमच्या गाळ्यात नवा माणूस आला की आधी शिंकतो, मग बोलतो. यानेही चार-पाच शिंका दिल्या, नाकाला रुमाल लावला, माझी सही घेतली आणि म्हणाला, "आजी, वाचून घ्या बरं का. आजपासून मुदत चालू झाली."

दावा माझ्या धाकट्या जावेने लावला होता. म्हणणं काय, तर हा मसाल्याचा डंक दोघींच्या भागीदारीचा आहे आणि मी तिला बाहेर काढलंय.

माझी सून म्हणाली, "लावू दे. तिच्या बापाचा डंक आहे का?"

हे वाक्य सुनेचं नव्हे. मीच तिच्या कानावर घालून घालून पाठ करून घेतलं होतं.

आता मुळापासून सांगते. घाटकोपरला, चढाच्या खाली, आमचा गाळा आहे. लोखंडी मुसळं रांगेने वरखाली होतात, खाली उखळात मिरची-मसाला कुटला जातो. सासूबाईंनी सुरू केला, त्यांच्यामागे मी चालवला. गाळा माझ्या नवऱ्याच्या नावावर, परवाना माझ्या नावावर. धाकटी जाऊ मालवणकडची. लग्न होऊन आली तेव्हा मिरचीच्या धुराने तिचे डोळे सुजायचे, आणि मी तिला म्हणायचे, "रड, म्हणजे सवय होईल." झाली सवय. आम्ही घाटावरचे, माझा हात कांदा-लसूण मसाल्याचा, तिचा मालवणीचा. अर्धी कोकणी गिऱ्हाइकं तिच्यामुळे जोडली गेली, हे आज कबूल करायला मला काय जातंय!

आमच्या धंद्यात एक वही असते, प्रमाणाची. कुठल्या घरच्या मसाल्यात बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, दगडफूल घालायचं की नाही, ते सगळं त्यात. वही आम्ही फेकत नाही. बाई विरारला राहायला जाते, दहा वर्षांनी येते आणि विचारते, "माझ्या सासूचं प्रमाण काय होतं हो?" तेव्हा दाखवावं लागतं. दर हंगामाला नवी वही. पहिल्या दिवशी डंकाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि पहिल्या पानावर डंक कोणाचा ते लिहायचं. सासूबाईंचा दंडक होता, एकटीचं नाव लिहू नये, एकटीला बरकत नसते. म्हणून मी दरवर्षी, माझ्या वाकड्या अक्षरात, लिहीत आले: "श्री. डंक दोघी जावांचा." बावीस वर्षं. हात तसा चालायचा, जसं दारात कोणी आलं की "या, बसा" म्हणतो. म्हणजे काय त्याला घर दिलं का?

भांडण झालं ते मी वहीच्या जागेवर, जिथे बसून जाऊ गिऱ्हाइकांना प्रमाण सांगायची तिथे, सुनेला बसवलं म्हणून. जाऊ सकाळी आली, बघितलं, चपला पायातच ठेवून उभी राहिली.

"वहिनी, ही माझी जागा."

"तुझे गुडघे गेलेत गं. घरी बस, आराम कर."

"गुडघे गेलेत, हात नाय गेले. हिला हळकुंड आणि आंबेहळद वेगळी काढता येते का विचारा आधी."

सून फिस्सकन हसली. मी पण हसले. जाऊ तिथून गेली ती थेट वकिलाकडेच.

आधी मध्यस्थीची बैठक झाली. एका टेबलाला दोघी बसलो, मध्ये एक गृहस्थ. तासभर तोच बोलला. जाऊ त्याला म्हणाली, "मला बाकी काय नको, माझी बसायची जागा द्या." मी म्हटलं, "बस की, गिऱ्हाईक म्हणून बस." तिथे ते संपलं आणि दावा दाखल झाला.

माझी वकीलबाई मुलुंडची, माझ्या मुलीपेक्षा लहान, पण तोंडाने तिखट. मी तिच्यापुढे परवाना, गाळ्याचे कागद ठेवले आणि म्हटलं, "एवढं पुरे ना?"

"मावशी, पुरे-बिरे तुम्ही ठरवायचं नाही. हा व्यापारी दावा आहे. पूर्वी लोक कागद बाहीत लपवून ठेवायचे आणि शेवटी पत्त्यासारखे टाकायचे. आता तसं नाही चालत. जबाब द्यायचा, त्याच्यासोबतच तुमच्याकडे या भांडणातले जे जे कागद असतील ते सगळे लावायचे. तुमच्या बाजूचे, आणि विरुद्धचेपण."

"विरुद्धचे मी का देऊ? तू वकील कोणाची, माझी की तिची?"

"तुमचीच आहे म्हणून सांगते. शपथेवर लिहून द्यायचंय, की माझ्याकडे आता लपवलेलं काही नाही. उद्या निघालं तर खोटी शपथ. आणि आज जे लावणार नाही ते उद्या तुमच्या कामाचं असलं तरी कोर्ट सहज घेणार नाही. एकदाच काय ते सगळं. मुदत एकशेवीस दिवस, त्याच्यावर एक दिवस गेला तर जबाबच गेला."

"आणि वह्या?"

ती थांबली. "कसल्या वह्या?"

मी बोलून चुकले होते. पण तिने दाव्याचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. जावेने लिहिलंच होतं: प्रमाणाच्या वह्या प्रतिवादीकडे आहेत. प्रतिवादी म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा रिक्षात घालून नेला. वकीलबाईने पहिली वही उघडली, वाचली. दुसरी उघडली. मग नुसती पहिली पानं उलटत गेली. बावीस वह्या. तिच्या हाताखालच्या मुलीला शिंका सुरू झाल्या.

"मावशी, हे अक्षर कोणाचं?"

"माझंच."

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत? दरवर्षी? कोणी सांगितलं नसताना?"

"अगं, बरकतीसाठी असतं ते."

"कोर्टात बरकत नसते. तिकडे हे वाचून म्हणतील, बाई बावीस वेळा कबूल झाली." तिने वही मिटली. "अर्धा डंक गेला असं धरून चाला."

मी वह्यांकडे बघत बसले. घरी चुलीत घातल्या असत्या तर? तसं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. सून म्हणालीही होती, "मिरचीचे देठ पेटवतो त्यात टाकू." पण त्या वह्यांत चारशे घरांच्या आमटीची चव आहे. ती जाळायला माझा हात झाला नाही. जावेसाठी नव्हे, गिऱ्हाइकांसाठी.

वकीलबाई म्हणाली, "एक बघा. भागीदार म्हणजे रोज काम करणारी. ती सलग रोज डंकावर होती असं तिने लिहिलंय. मधल्या काळात नव्हती, असं दाखवणारं काही आहे?"

होतं. माझ्या फोनमध्ये होतं.

माझा दीर, तिचा नवरा, लकव्याने दीड वर्ष अंथरुणाला खिळला होता. तेव्हा ती डंकावर यायची नाही, घरीच असायची. तिला टाईप करायला जमत नाही. दुपारी तो झोपला की गॅलरीत उभी राहून मला बोलून पाठवायची. मी तिला म्हटलंच होतं, "रडायचं तर माझ्याकडे रड बाई, पोरीसमोर रडू नकोस. माझ्या फोनचं पोट मोठं आहे." आणि ती रडली. शहरात इतकी वर्षं राहिली, पण रडताना तिची बोली परत यायची.

मी वकीलबाईला ऐकवलं. "वयनी, आजपण डंकार येवक जमणा नाय. तुमी बघा." असे तीन निरोप. तारीख, वेळ सगळं फोनमध्ये. वकीलबाई खूश. "झकास. हे तीन लावू. पुरतात."

मी म्हटलं, "अजून आहेत."

"त्यात कामाबद्दल काही आहे?"

"तूच ऐक."

ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. "देवा म्हाराजा, ह्येका उचल एकदा, माका सोडव." मग चादरींचं, वासाचं, शिव्यांचं. आणि एक, तो मी मुद्दाम शेवटी लावला: "वयनी, आज मी तेका औषध दिलंय नाय. मुद्दाम. समोर बसान बघीत रवलंय, काय होता ता. मगे माका भ्या वाटला, मगे दिलंय."

वकीलबाईने फोन माझ्याकडे सरकवला.

"मावशी, याचा दाव्याशी संबंध नाही. हे लावायची सक्ती नाही."

"तूच म्हणालीस ना, सगळं लावायचं? लपवायचं नाही? मी आता शपथ घेणार. मला खोटी शपथ नको हं."

"मी म्हटलं या भांडणातलं सगळं."

"ती घरी होती, कामावर नव्हती, हे एकतीसच्या एकतीस निरोपांत दिसतं की नाही?"

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का, की तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं?" ते कौतुक नव्हतं, कळत होतं मला. चौथी शिकलेली बाई मी, पण टोमणा ओळखते. तरी तिने लावले. अशिलाने सांगितलं की वकिलाला लावावं लागतं.

निरोप नुसते ऐकवून चालत नाही, लिहून काढावे लागतात. हाताखालच्या मुलीला मालवणी कळेना, म्हणून तीन दुपारी मी तिच्याशेजारी बसून शब्दन्शब्द सांगितला. "रवलंय म्हणजे राहिले, भ्या म्हणजे भीती. लिही." कुठे जाऊ हुंदका देऊन थांबली होती तिथे मुलीने विचारलं, "इथे काय लिहू?" मी सांगितलं, "कंसात लिही, रडते." एवढं कशाला, कोणी विचारलं होतं? पण मी सांगितलं. मग प्रत्येक पानावर सही केली आणि शपथ घेतली, की माझ्याजवळचं सगळं दिलं आहे. शपथ शंभर टक्के खरी होती. इतकं खरं मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

जबाबाची प्रत समोरच्यांना द्यावी लागते. ती त्यांच्या वकिलाने जावेकडे पाठवली. जावेला मराठी वाचता येतं, पण बारीक अक्षर दिसत नाही, मोतीबिंदू आहे. तिला सगळं तिची मुलगी वाचून दाखवते. ही मुलगी, माझी पुतणी, मुलुंडला एका लॅबमध्ये रक्त तपासते. लहानपणी माझ्याच पाटावर बसून आंघोळ करायची, मला मोठी आई म्हणते. बापावर तिचा फार जीव. बाप गेला तेव्हा नातेवाईकांत सांगत फिरली होती, "आईने केली तशी सेवा कोणी करणार नाही."

हे सगळं मला माहीत होतं. कागद कोण वाचणार हेही माहीत होतं.

पुढच्या तारखेला जावेचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, दावा मागे घेतोय. न्यायाधीशांनी विचारलं, "तडजोड?" तो म्हणाला, "नाही, नुसता मागे." दोन मिनिटं लागली असतील. न्यायाधीशांनी ना माझ्या वह्या उघडल्या, ना निरोप वाचले. पुरावा, साक्ष, उलटतपासणी, यातलं काही आलंच नाही. जाऊ तारखेला आलीच नव्हती. बाहेर आल्यावर मी वकीलबाईला पेढा द्यायला गेले तर म्हणाली, "मला डायबिटीस आहे." तिला डायबिटीस नाही. माझ्यासमोर दोनदा रसमलाई खाल्लीय तिने.

पुढच्याच आठवड्यात पुतणी डंकावर आली. दुपारची वेळ, मशीन बंद, सून जेवायला गेलेली. शिंकली नाही ती. इथेच वाढलेली.

मी म्हटलं, "ये गं. चहा सांगू?"

"नको, मोठी आई." ती वहीच्या जागेवर बसली नाही, गोणीवर टेकली. "आमचे वकील म्हणाले, तीन पुरले असते. खरंय?"

"कायद्याने सगळं द्यावं लागतं, बाळा."

"तसं नाही म्हणाले ते." तिने ओठ दाबून धरले. "मी मोठ्याने वाचत होते. मला माहीत नव्हतं ना पुढच्या पानावर काय आहे. औषधाचं येईपर्यंत वाचून झालं होतं. आई म्हणाली, थांब. मी थांबले नाही. वाटलं, कसलं तरी खोटं लिहिलंय तुम्ही. मी विचारलं, आई, हे खोटं आहे ना?"

"मग?"

"मग काही नाही. तिने जेवण बंद केलंय माझ्या हातचं. म्हणते, तू मला औषध देऊ नकोस, माझं मी घेते." ती उठली. "दावा गेला, डंक तुमचा झाला. आता ते निरोप पुसा. माझ्यासमोर पुसा, मी जाते."

फोन माझ्या मांडीवरच होता. अंगठ्याने दाबायचं, एवढंच. त्या पोरीचा हात पुढे आलेला, बापासारखी लांब बोटं. आणि माझ्या मनात आलं, दावा मागे घेतलाय, मेला कुठे आहे? उद्या परत लावला तर?

मी म्हटलं, "वकीलबाई म्हणाल्यात, पुसायचे नाहीत. कोर्टाचे कागद झालेत ते."

तिने हात मागे घेतला. मग "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

वकीलबाई असं काही म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. सून जेवून आली, मशीन चालू केलं आणि वरच्या पट्टीत विचारलं, "कोण आलं होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही, प्रमाण विचारायला आलेली एक."