दुर्बिणीपुढं घातलेलं गाऱ्हाणं

निघताना सुनेनं भाकऱ्यांची पुरचुंडी हातात दिली आणि बजावलं, "मामंजी, एकट्यानं परत येव नका. पोरीला घेऊनच या."

पोर म्हणजे माझी नात सुमती. पुण्याकडं, नारायणगावाजवळ, आकाशाचा अभ्यास करते. शिकता शिकता लग्नाचं वय चाललं, असं घरच्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मी सांगितलं की गप जीपमधी बसंल." शाळा मी दुसरीत सोडली, पण पोलादपूरकडच्या आमच्या गावात देवळातलं गाऱ्हाणं (देवापुढं मोठ्यानं घालायचं साकडं) मीच घालतो.

महाडच्या हुसेनभाईची जीप नारायणगावच्या बाजाराला निघाली होती, तीत बसलो. वरंध घाटात इंजिन तापलं. त्यात पाणी ओतेस्तोवर माकडानं पुरचुंडी पळवली.

"नाना, शकुन बरा नाय," हुसेन म्हणाला.

"माकडाला भूक लागली, त्यात शकुन कसला? हाक गाडी."

नारायणगावात मासवडी मागवली. कोकणातला माणूस, तोंडाला पाणी सुटलं. आली ती बेसनाची, आत तीळ-खोबरं. मासा औषधाला नाही. रागारागानं दोन ताटं खाल्ली.

पुढं शेतांमधून दुर्बिणी दिसल्या. देवळाच्या कळसाहून उंच परड्या (बांबूच्या टोपल्या), सगळ्यांनी एकाच अंगाला माना वळवलेल्या. पण परडीत नुसती तारेची जाळी! "एवढ्या भोकांतून आत राहतं काय?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"बाबा, मोबाईल बंद करा."

माझ्याकडं मोबाईल नव्हता, तरी अपमान वाटला.

सुमती बाहेर आली ती उतरल्या तोंडानं. मी म्हटलं, "भर दुपारी तारे बघतेस?"

"बघत नाय, आबा. आम्ही ऐकतो. पण आज कुठूनतरी खरखर येतेय. कुणाचा पंप, कुणाचं वेल्डिंग, देव जाणे. दुर्बिणीवरची आजची माझी पाळी फुकट गेली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं."

काम फत्ते झालं की पोर खुशीनं घरी येईल, अशा विचारानं मी पिशवीतला नारळ काढला. "गाऱ्हाणं घालतो. पण देवाला अर्धवट सांगून चालत नाय. नक्की काय हवंय?"

ती म्हणाली, "लांब एक दीर्घिका आहे, म्हणजे ताऱ्यांचं गावच. तिच्या गाभ्यात भयंकर उजेड आहे. डोळ्याला नाही, रेडिओला कळणारा. त्याच्यापुढं गार वायू आहे, हायड्रोजन. तो स्वतः चमकत नाही, पण मागच्या उजेडात त्याची सावली पडते. ती मोजली की कळतं, वायू आत पडतोय का बाहेर उडतोय."

"आणि काम कुठवर? तेही बोलावं लागतं."

"प्रबंध लिहून होईस्तोवर, आबा."

मी परडीपुढं उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा! माझ्या नातीनं गार वायू हेरायचं काम हाती घेतलंय!"

"व्हय म्हाराजा!" हुसेन, पहारेकरी आणि बाहेर आलेले दोन इंजिनियर एका सुरात ओरडले.

"तो आत पडतोय का बाहेर उडतोय, ह्याचा निवाडा तिच्या हातून होव दे! प्रबंध होईस्तोवर तिला जागेवरनं कुणी उठवू नये! कुणी आडवा येत असंल तर त्याला बाजूला कर!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळ्यांत मोठा आवाज सुमतीचा.

नारळ फोडला. खोबरं वाटून होतंय तोवर आतून आरडाओरडा झाला. खरखर थांबली होती.

"आजूबाजूच्या गावांत लोडशेडिंग सुरू झालं," सुमती म्हणाली. "आमचं जनरेटरवर चालतं."

"लोडशेडिंग धाडलं कुणी?"

ती तोवर मोजायला आत पळाली होती.

संध्याकाळी तिचं मोजणं आटोपलं. मी म्हटलं, "चल गो, बस जीपमधी."

"कशी येणार? प्रबंधाला अजून तीन वर्षं हायत. गाऱ्हाणं तर तुम्हीच घातलंत."

घालणाऱ्यानंच गाऱ्हाणं मोडलं, असं आमच्या गावात आजवर झालेलं नाही. आडवा येणारा म्हणून देवानं पहिला बाजूला केला तो मलाच. हुसेन घाट उतरेस्तोवर हसत होता. "नाना, टमाटे भरून आणले, तुमची बाजू रिकामी."

दारात सुनेनं जीपच्या मागं वाकून पाहिलं. मी सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"मामंजी, प्रबंधाचं तिनंच तुमच्या तोंडी घातलं. तुमच्या ध्यानात नाय आलं?"

आलं होतं, पण घाटात, अर्ध्या वाटेवर. माझ्या तोंडून आपलं काम काढून घेणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मला नाही, अशी माझी समजूत होती. राग यायला हवा होता. येईना.

"आलं की," मी म्हटलं. "पण गाऱ्हाण्याचे नियम तिला शिकवले कुणी?"