जुगार नाही, आकडा

उरणच्या कंटेनर यार्डात चांगदेव बारा वर्षं गेटवर उभा आहे. ट्रेलर आला की डब्यावरचा नंबर वाचायचा, कागदावर उतरवायचा. त्यातल्या गेल्या आठ वर्षांत त्यानं एकही नंबर नुसता वाचलेला नाही. शेवटच्या तीन आकड्यांची बेरीज करायची, त्यावरून मटक्याचा ओपन, म्हणजे पहिला आकडा, काढायचा, टपरीवर पैसे लावून चिठ्ठी द्यायची. आता टपरीही नको, मोबाईल आहे. झोप उडाली, जेवण सुटलं. मार्चमध्ये भरदुपारी बायको कल्पिताला तो मोरा बंदराच्या धक्क्यावर सापडला, चपला काढून, पाण्याकडे बघत.

त्याआधीच तालुक्यात जुगाराच्या व्यसनाची पाहणी झाली होती. एका संस्थेची मुलं छापील प्रश्न घेऊन वाडीत आली. 'आपण जुगार खेळता का?' चांगदेव म्हणाला, "न्हाय." खोटं नाही बोलला! आमच्याकडे जुगार म्हणजे पत्ते आणि पोलिसांची धाड. हा तर आकडा लावतो. जुगारी म्हटलं असतं तर त्यानं गचांडी धरली असती. अख्ख्या वाडीत जुगारी शून्य. अहवाल आला: तालुक्यात समुपदेशकाची गरज नाही. आणि कल्पितानं समुपदेशनासाठी नवऱ्याला घेऊन मुंबईला जायचं, दोघांचा रोज बुडवून. तो एकदा गेला, परत गेला नाही.

मी याच वाडीतली कार्यकर्ती. तो अहवाल आणि नवरा-बायको दोघांना घेऊन मी तालुक्याच्या आरोग्य समितीच्या बैठकीत घुसले; चांगदेव बाहेरच बसला.

"मॅडम, आकडेवारी बघा," समितीचे साहेब म्हणाले.

"तुमच्या आकडेवारीत आकडाच नाही, साहेब!"

"लोक स्वतःच नाही म्हणालेत."

कल्पितानं बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, "काय हो, जुगार खेळता?"

"न्हाय, साहेब."

साहेब माझ्याकडे बघून हसले. माझं डोकं फिरलं, पण कल्पितानं माझा हात दाबला.

"अहो, आज आकडा लावलात काय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

चांगदेवनं मान खाली घातली. "मघाशी. बाहेर साहेबांची गाडी हाय ना, तिच्या नंबरावर."

सगळी खोली खो-खो हसली. चांगदेवनं मात्र मान वर केली. "हसा हो. मला थांबता येत न्हाय. कोनीतरी थांबवा."

हसू विरलं. साहेब म्हणाले, "नव्या शब्दांत फेरपाहणी करू. तीन महिन्यांत."

"आणि तीन महिने ह्यांना मी एकटीनं धरून ठेवू?" कल्पिता जागची हलली नाही.

साहेबांनी तिथूनच फोन लावला. दर मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक बसेल, असं ठरलं. पहिलं नाव चांगदेवचं लिहिलं.

लोक मला म्हणतात, जिंकलात ताई. कसलं जिंकलं? पाहणीला निघण्याआधी एखाद्या चहावाल्याला विचारलं असतं की इथं याला काय म्हणतात, तर एक शब्द सापडला असता. तेवढ्यासाठी एका माणसाला वीस जणांसमोर स्वतःला उघडं करावं लागलं.