ताईंची बदली

ताई कोणताही नवा फॉर्म आधी चुकीचा भरून बघायच्या. वयाच्या जागी अक्षरं, फोनच्या जागी नुसती स्पेस. मग लाल अक्षरांत आलेली सूचना मोठ्याने वाचायच्या. ‘‘‘अवैध नोंद’ म्हणजे काय रे? माणसानं आता करायचं काय, ते सांग ना.’’

त्यांचं घराणं तीन पिढ्या कोलकात्यातलं. मराठी स्वच्छ, पण चिडायच्या बंगालीत. ऑफिसातले बंगाली सहकारीही त्यांना ताईच म्हणत. निम्म्यांना ते त्यांचं नावच वाटे. खिदिरपूरच्या गोदी कामगारांचे ऑनलाइन अर्ज सांभाळण्याच्या कामात त्या अकरा वर्षं अडकल्या होत्या. जावा भाषेतला तो जुना कोड दुसऱ्या कुणाला उलगडत नसे, म्हणून त्यांची पुण्याची बदली दर वेळी पुढे ढकलली जाई. नवरा पुण्यात नोकरीला, ताई इथे डमडमला एकट्या. त्या वर्षी बदली अखेर मंजूर झाली आणि त्यांच्या हाताखाली मला तयार करायला घेतलं.

आडनावाच्या रकान्यावर ‘नॉटब्लँक’ हे अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडमधली छोटी खूण, मीच लावलं. एका शब्दाचं काम. रकाना रिकामा असला की अर्ज पुढे सरकत नाही. साहेबांनी तसंच सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी खिदिरपूरच्या खिडकीवरून तक्रार आली. ताई मला बसने तिथे घेऊन गेल्या. एक बाई तीन दिवस खेपा घालत होती. नवरा इस्पितळात, उपचाराचं कार्ड हवं. ओळखपत्रावर तिचं नाव नुसतं ‘मुन्नी’. आडनावात तेच पुन्हा लिहिलं तर ओळखपत्राशी जुळेना, रिकामं सोडलं तर फॉर्म हलेना.

‘‘दीदी, मेरा तो इतना ही नाम है,’’ ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

ताईंनी त्याच दुपारी, कुणालाही न विचारता, ते अ‍ॅनोटेशन काढून टाकलं. कार्ड मिळालं. साहेबांनी वरच्या ऑफिसात ताईंची तक्रारही लगेच केली.

‘‘मी सांगतो, चूक माझी,’’ मी म्हणालो.

‘‘तू लावलंस ते सांगितल्यावरून. न विचारता काढलं मी.’’

शिक्षा म्हणून ताईंची बदली रद्द झाली. पुण्याची ती जागा मला देऊ केली. मी नको म्हणायला लागलो, तर ताई म्हणाल्या, ‘‘जा गुपचूप. दोघं अडकून काय मिळणार आहे?’’

त्यांनी दिलेला मिठाईचा डबा घेऊन पुण्यातल्या पहिल्याच रविवारी मी त्यांच्या यजमानांकडे गेलो. काकांनी चहा टाकला. कपाटाचा एक खण त्यांनी रिकामा करून ठेवला होता, तो दाखवला आणि विचारलं, ‘‘मग, कधी निघतेय ती?’’

ताईंनी त्यांना काहीच कळवलं नव्हतं.