बंदुकीचं विचारायचं राहिलं

ब्रिस्टलला मेडिकलला असलेली माझी नात परवा फोनवर तावातावाने सांगत होती, "आजी, अमेरिकेतल्या एका राज्यात कायदाच केला होता, डॉक्टरने पेशंटला बंदुकीबद्दल विचारायचं नाही! पुढे कोर्टाने मोडला. तुला कोणी असं अडवलं असतं तर?"

"मला? मी ऐकलं असतं होय!"

फोन ठेवला आणि जीभ चावली. मला गप्प बसवायला कायदा लागलाच नव्हता.

ग्लासगोबाहेरच्या एका गावात मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. पन्नाशीची, कानात मोत्याच्या कुड्या, आणि आपल्याला माणसं कळतात असा ठाम गैरसमज. एक मेंढपाळ शेतकरी दर डिसेंबरला स्वतः मारलेले दोन फेझंट पक्षी आणून द्यायचा. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. मी "वा, वा!" करत घ्यायचे आणि तो वळला की रिसेप्शनिस्टच्या हवाली करायचे. म्हणजे त्याच्याकडे बंदूक आहे हे मला अगदी पिसांसकट माहीत होतं.

एका मार्चमध्ये तो बायकोबरोबर आला. कपडे अंगावर लोंबत होते. "डॉक्टर, सकाळी उठायचं तरी कशाला, कळत नाही," म्हणाला.

मी भूक विचारली, झोप विचारली, पोट साफ होतं का तेही विचारलं. जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का, हे कागदाकडे बघत विचारलं. "नाही," तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंचं समाधान झालं! बंदुकीचं विचारलंच नाही. ज्याच्या हातून भेट घेतो त्याची झडती कशी घ्यायची? त्यातून आपण बाहेरचे. त्याचं लायसन्स गेलं तर गाव काय म्हणेल? गोळ्या लिहून दिल्या.

दोन आठवड्यांनी बायको आधी एकटीच आत आली.

"त्याची बंदूक बंदुकांच्या दुकानात जमा करून आले. तुमच्याकडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो बंदुकीच्या कपाटाची किल्ली शोधत होता. तुम्ही विचाराल म्हणूनच मी तेव्हा सोबत आले होते. माझं तो ऐकत नाही, डॉक्टर. तुमचं ऐकतो."

मी सॉरी म्हटलं.

"त्याला बोलावते. आता तरी विचारा."

तो बसला. मी विचारलं, "घरात अजून बंदूक आहे?"

"आहे. वडिलांची जुनी. कोठारात."

बायकोने खुर्चीची कड घट्ट धरली. तिला ती माहीतच नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी विचारलं असतं, तर तेव्हाही त्याने इतक्याच सरळपणे सांगितलं असतं.