सूनबाई नावाचे सर

आमच्या इंग्रजीच्या सरांना सगळी शाळा 'सूनबाई' म्हणत असे. सरांना चांगल्या झुपकेदार मिशा होत्या. पण त्यांच्याकडे तपासलेल्या वह्या मागा की सहलीची तारीख विचारा, उत्तर एकच : "सून!" म्हणजे लवकरच. वर्गावर येणंही तसंच. एकदा 'नो सूनर – दॅन' वापरून वाक्य करायला सांगितलं, तर मागच्या बाकावरची शकू उठून म्हणाली, "नो सूनर डिड सर कम दॅन द बेल रँग." सर आले न आले तोच घंटा झाली! सर म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे. मजकूरही बरोबर आहे. बस खाली."

शब्दांची कुळं सांगायचा त्यांना भारी नाद. 'सून'चा मूळ अर्थ म्हणे 'ताबडतोब'. हजारेक वर्षांपूर्वीचा इंग्रज 'सून' म्हणाला की उठलेलाच असायचा. "मंग लोक सून म्हणत गेले अन् बसूनच राहिले. शब्द झिजला. आपल्याकडं नाही का, 'येऊन राहिलो' म्हणणारा घरी दाढी करून राहिला असते!" 'सूनर'मध्ये 'त्यापेक्षा हे बरं' अशी पसंतीही असते, हे शिकवताना उदाहरण ठरलेलं : लौकीची भाजी खाण्यापेक्षा मी उपाशी राहीन. हे वाक्य ते फार मनापासून म्हणत.

मी नववी पास झाले आणि बाबांनी शाळा बंद म्हणून सांगितलं. उमरेडचं स्थळ रविवारी पाहायला येणार होतं. मला शिकायचं होतं. बाबांशी बोला म्हणून मी सरांच्या मागे लागले. "येतो ना. सून." शनिवार उजाडला तरी सरांचा पत्ता नाही. मी सरळ त्यांच्या घरी गेले. ते जेवत होते.

"सर, येतो म्हणाले होते तुम्ही."

"हो वं, सून..."

"जुन्या अर्थानं का नव्या?"

सर भात तसाच टाकून उठले.

बाबा सक्करदऱ्यातल्या आमच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होते. म्हणाले, "मास्तर, पोरगी कोणाची तरी सून होणारच ना? मंग उशीर काहून?"

"होऊ द्या ना. पण दहावी तरी होऊ द्या. हुशार आहे ते."

"अन् नापास झाली त?"

"त मी तिच्यासाठी स्थळ शोधून देतो."

"तुम्ही?" बाबांच्या हातातला पाना खाली पडला. "तुम्ही शोधेपर्यंत म्हातारी होईल हो ते!"

बाबा हसले म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं सरांनी तिथेच स्टुलावर बसून, चहा पितापिता उरकलं. रविवारी पाहुणे आले नाहीत.

दहावीला मला गणितात भरपूर मार्क पडले आणि इंग्रजीत काठावरचे. सर म्हणाले, "काय वं, तुझ्या बापाशी भांडलो मी, अन् फायदा गणितवाल्याले!" पुढे मी शाळेत गणितच शिकवलं.

मी नोकरीला लागले त्या उन्हाळ्यात सर गेले. धाकट्या बहिणीची दहावी नुकतीच झाली होती आणि तिच्यासाठी भंडाऱ्याचं स्थळ चालून आलं होतं. बाबांनी दुकान बंद ठेवलं, घाटावर जाऊन आले, आंघोळ केली. मग डोकं पुसत धाकटीला म्हणाले, "काय वं, तुले कोणत्या कॉलेजात जायचं आहे?"